वाचकांचे प्रश्न : घरचे गांडूळखत, कोल्हापूरच्या पावसात आणि उन्हात

गांडूळखताविषयी शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या प्रश्नांपैकी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : शाहूपुरीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात चार माणसं, गॅलरी जेमतेम तीन बाय सहा फुटांची. एवढ्या जागेत गांडूळखत होईल का? गांडुळं किती आणायची, सुरुवात कशी करायची?

उत्तर : होईल. फक्त गॅलरीत दुपारचे ऊन थेट येत असेल तर आतल्या भिंतीच्या सावलीची बाजू निवडा. दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि फूटभर खोल असा प्लॅस्टिकचा टब किंवा भाजीचा क्रेट पुरतो. खोल पिंप घेऊ नका. खतासाठी वापरतात ती गांडुळे वरच्या सहा-आठ इंचांतच राहतात, त्याखालचा माल हवेवाचून सडतो. टब असेल तर तळाला तीन-तीन इंचांवर पेन्सिल जाईल एवढी भोके पाडा आणि बाजूंना वरच्या भागात बारीक भोके पाडा. क्रेट असेल तर आतून शेडनेटचे अस्तर लावा. टब विटांवर ठेवा आणि खाली ताटली सरकवा.

आता थर. तळाला दोन इंच नारळाच्या शेंड्या, म्हणजे पाणी तुंबत नाही. त्यावर चार इंच बिछाना : वाळलेली पाने आणि खोक्यांच्या पुठ्ठ्याचे तुकडे, तासभर पाण्यात भिजवून, निथळून घातलेले. चकचकीत छपाईचा आणि चिकटपट्टी लावलेला पुठ्ठा नको. त्यावर चार इंच जुने शेण. जुने म्हणजे सावलीत पंधरा-वीस दिवस ठेवलेले, वास गेलेले आणि हाताला गार लागणारे. ताजे शेण कुजताना तापते आणि त्यातून अमोनिया सुटतो. पहिल्याच आठवड्यात सगळी गांडुळे मेल्याच्या तक्रारी येतात, त्यांत बहुतेक वेळा हेच कारण निघते. ज्या गोठ्यातून शेण आणता तिथे जनावरांना नुकतेच जंताचे औषध दिले आहे का हेही विचारा. दिले असेल तर पंधरा दिवस थांबा. शेवटी बागेतली दोन मुठी माती आणि चार अंड्यांच्या टरफलांची पूड घाला. गांडुळाला दात नसतात. अन्न दळायला त्याच्या पोटातल्या पेषणीला असे बारीक कण लागतात.

हा बिछाना दोन दिवस तसाच राहू द्या. तिसऱ्या दिवशी मधोमध हात घालून पाहा. ऊब लागली नाही तर गांडुळे सोडा. अर्धा किलो पुरेत. एका किलोत पूर्ण वाढलेली साधारण हजारभर भरतात. विकत घेताना वजन निव्वळ गांडुळांचे की शेणासकट, हे आधी ठरवून घ्या. चौकशीसाठी कणेरी आणि तळसंदे इथली कृषी विज्ञान केंद्रे आहेत. गांडुळे वर पसरा, पुरू नका. उजेड नकोसा असल्याने ती अर्ध्या तासात आपणच खाली जातात. जी जात नाहीत ती मेलेली किंवा दुखावलेली असतात, ती वेचून टाका. वरून ओले बारदान झाका.

पहिले पाच दिवस काही घालू नका. मग रोज 100 ते 125 ग्रॅम चिरलेला ओला कचरा. एका कोपऱ्यात खळगा करायचा, कचरा घालायचा, वर दुप्पट मापाने वाळकी पाने टाकायची. दुसऱ्या दिवशी पुढचा कोपरा. गांडूळ दिवसाला आपल्या वजनाच्या निम्मे खाते असे सगळीकडे लिहिलेले असते. ते उत्तम परिस्थितीतले माप आहे, घरी चौथा हिस्सा धरा. म्हणजे चार माणसांच्या घरचा सगळा कचरा पहिल्या तीन महिन्यांत यात जिरणार नाही. पुढे गांडुळे वाढली की निम्मा माल दुसऱ्या टबात काढा. दोन टब झाले की रोजचा चारेकशे ग्रॅम कचरा सहज जातो. घाई करून पहिल्याच महिन्यात सगळा कचरा ओतला तर टब हातचा जातो.

प्रश्न : पावसात शिरोळकडच्या आमच्या रानात मोप गांडुळं निघतात. तीच पकडून टाकली तर विकत का घ्यायची?

उत्तर : ती टबात टिकत नाहीत. रानातली बहुतेक गांडुळे माती खाऊन जगतात आणि खोल बिळे करतात. काही जाती तर तीन-चार फूट खाली जातात. फूटभर खोल डब्यात, निव्वळ कुजक्या मालावर त्यांचे भागत नाही. रानात ती जे काम करतात ते दुसऱ्या कोणालाही जमणार नाही, त्यांना तिथेच राहू द्या.

खतासाठी पृष्ठभागावर, कुजणाऱ्या पाल्यात राहणाऱ्या जाती लागतात. आपल्याकडे तीन वापरतात. आयसेनिया फेटिडा तांबूस असते आणि अंगावर फिकट पट्टे असतात. थोडी थंडी, थोडे ऊन, थोडी चूक, सगळे सोसते. युड्रिलस युजेनी मोठी, जांभळट, खाण्यात जोरकस, पण कडाक्याच्या थंडीत मंदावते. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस ही आपल्या भागातलीच, निळसर झाक असलेली, चपळ. पाऊस आला की ती डब्यातून निघून जाण्यात पटाईत. फ्लॅटमध्ये पहिल्यांदा करणाऱ्याने आयसेनियाच घ्यावी असे आमचे मत आहे.

प्रश्न : राजारामपुरीत राहतो. मे महिन्यापर्यंत सगळं छान चाललं होतं. जुलै लागल्यापासून डब्याला घाण वास येतोय, खाली काळं पाणी साचतंय आणि सकाळी झाकण उघडलं की गांडुळं झाकणाला चिकटलेली असतात. काय चुकतंय?

उत्तर : पाणी जास्त आणि हवा कमी. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये ही तक्रार घरोघरी असते. भाजीच्या कचऱ्यात वजनाच्या ऐंशी-नव्वद टक्के पाणीच असते. उन्हाळ्यात ते उडून जाते. पावसाळ्यात बाहेरचीच हवा इतकी दमट असते की डब्यातले पाणी उडत नाही. वरून पाणी शिंपडायची सवय सुरूच राहिली तर बिछान्यातल्या पोकळ्या पाण्याने भरतात. हवेवाचून जगणारे जिवाणू वाढतात, आम्ल आणि दुर्गंधी वायू तयार होतात. गांडूळ कातडीने श्वास घेते, त्यामुळे कातडी ओली हवी, पण भोवती हवाही हवी. हवा संपली की गांडुळे वर चढतात. झाकणावरची गांडुळे खाली ढकलून झाकण घट्ट लावणे हा यावरचा सगळ्यात वाईट उपाय आहे.

असे करा. आठ-दहा दिवस खाद्य पूर्ण बंद. न कुजलेला, बुळबुळीत झालेला कचरा हाताने काढून घ्या. तळाची भोके तारेने मोकळी करा आणि ताटलीतले पाणी रोज ओता. मग पुठ्ठ्याचे कोरडे तुकडे, भाताचे पिंजर किंवा कोरडे कोकोपीट, जे हाताशी असेल ते, बिछान्याच्या निम्म्या मापाने घाला आणि हातपंजाने हलके उकरत मिसळा. तळापासून ढवळून काढू नका, अंडकोश (गांडुळांची अंडी असलेले बारीक दाणे) आणि पिल्ले चिरडतात. झाकणाऐवजी मच्छरदाणीचे कापड बांधा. पहिल्या दोन-तीन रात्री वर छोटा दिवा चालू ठेवा, उजेडाला बुजून गांडुळे आतच राहतात आणि तोवर बिछाना सुधारतो. आंबट वास असेल तर अंड्याच्या टरफलांची पूड मूठभर टाका. खायचा किंवा रंगाचा चुना टाकू नका, तो गांडुळाची कातडी जाळतो.

ओलावा बरोबर आहे का हे ओळखायला आतला मूठभर माल घट्ट दाबा. एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक. धार लागली तर जास्त. हात कोरडाच राहिला तर कमी. पावसाळ्यात आठवडे न् आठवडे पाणी घालायची गरज पडत नाही.

या सगळ्याचे मूळ एकच : ओला कचरा घरात रोज तयार होतो, कोरडा माल गोळा करावा लागतो, आणि नेमका जुलैत तो कुठे मिळत नाही. फेब्रुवारी ते मे पानगळीचे दिवस. त्या वेळी वाळक्या पानांची दोन-तीन पोती भरून कोरड्या जागी ठेवा. ज्याच्या घरी जूनमध्ये पानांची पोती आहेत, त्याचा डबा सहसा बिघडत नाही.

ताटलीतले काळे पाणी म्हणजे व्हर्मीवॉश असे पुष्कळजण समजतात. ते अर्धवट कुजलेल्या कचऱ्याचा निचरा आहे, फवारणीला वापरू नका. दहापट पाणी घालून एखाद्या मोठ्या झाडाच्या बुंध्याशी ओता. पालेभाजीला नको. व्हर्मीवॉश वेगळे : तयार, काळ्या, मातकट वासाच्या बेडवर स्वच्छ पाणी थेंब-थेंब सोडून खाली गोळा केलेला चहाच्या रंगाचा अर्क. एक भाग त्याचा, दहा भाग पाणी, संध्याकाळी फवारणी.

प्रश्न : भाजीशिवाय बाकीचं काय चालतं? मटणाची हाडं, रश्श्याचा उरलेला भाग, लिंबाच्या साली?

उत्तर : हाडे आणि रस्सा अजिबात नको. रश्श्यातले मीठ गांडुळाच्या अंगातले पाणी ओढून घेते, तेल बिछान्यावर पसरून हवा अडवते, आणि मांसाच्या वासाने उंदीर-घुशी येतात. मिसळीचा कट, लोणचे, पापड, फरसाण यांनाही हेच लागू. दूध-दही-ताकही नको. लिंबू, मोसंबी, संत्र्याच्या सालींत आम्लाबरोबर एक तेल असते, ते गांडुळांना मारक आहे. घरात एक-दोन साली निघाल्या तर वाळवून घातल्याने बिघडत नाही, पण सरबताच्या दिवशीचा ढीग नको. कांदा-लसणाची वाळकी टरफले थोडी चालतात, ओले काप आणि मिरच्यांची देठे नकोत.

चहाचा चोथा धुऊन, म्हणजे साखर-दूध काढून, चालतो. केळीची साल, कलिंगडाची साल, पालेभाजीची देठे, दुधी-भोपळ्याचा गर उत्तम. मात्र केळीची साल चिरून घाला, नाहीतर चिलटे होतात.

भात, पोळी आणि डाळ यांबाबत जपून. विशेषतः भिजवलेली कडधान्ये किंवा वरण एकदम पडले तर प्रथिने कुजून आत आम्ल आणि वायू होतात. गांडुळाचे अंग मण्यांची माळ ओवल्यासारखे गाठीगाठीचे फुगते आणि ते मरते. असे एखादे दिसले तर तो भाग लगेच उपसून टाका आणि कोरडा पुठ्ठा घाला. कुत्र्या-मांजराची विष्ठा कधीही घालू नका : गांडुळांचा बेड तापत नाही, त्यामुळे रोगजंतू आणि जंतांची अंडी मरतीलच याचा भरवसा नाही. टोमॅटो-भोपळ्याच्या बियाही याच कारणाने खतातून उगवून येतात.

प्रश्न : गणपती-नवरात्रात निर्माल्य भरपूर निघतं. ते घातलं तर?

उत्तर : चांगले आहे, पण निवडून. हारांचे दोरे, तारा, जरीची फीत, कापराचे तुकडे आणि अगरबत्तीच्या काड्या आधी काढा. हळद-कुंकू लागलेली फुले वेगळी ठेवा : हळद जिवाणूंची वाढ रोखते आणि बाजारातल्या कुंकवात कोणता रंग आहे ते कळत नाही. उरलेली झेंडू-शेवंती आणि दूर्वा दोन दिवस सावलीत पसरून सुकवा, पाकळ्या मोकळ्या करा, मग थोडी-थोडी घाला. ओला झेंडू ढीगभर घातला तर एका रात्रीत तापतो. नारळाची करवंटी आणि सुपारी वर्षानुवर्षे तशीच राहते, ती घालू नये.

प्रश्न : करवीर तालुक्यात ऊस आहे. पाचट आणि गोठ्यातलं शेण दोन्ही आहे. घराच्या मागं मोठा बेड करायचा आहे. पाचटाचं खत लवकर होत नाही असं म्हणतात.

उत्तर : खरे आहे. पाचटात, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पानांत, कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) फारच थोडे, शिवाय पानावर मेणाचा थर आणि आत सिलिका. त्यामुळे ते एकटे घातले तर वर्षभर पडून राहील. शेणाची जोड लागतेच.

दहा फूट लांब, तीन फूट रुंद, दीड फूट उंच बेड धरू. तीन फुटांपेक्षा रुंद करू नका, मधोमध हात पोचला पाहिजे. यासाठी 100 किलो कोरडे पाचट, चार बोटे लांबीचे तुकडे केलेले. कडबा कुट्टी यंत्रातून काढले तर उत्तम. ते रात्रभर भिजवा. 300 ते 400 किलो ओले शेण पाण्यात कालवून थरावर थर द्या : सहा इंच पाचट, वर शेणकाला. ताडपत्रीने झाकून 3 ते 4 आठवडे कुजू द्या. चार-पाच दिवसांत ढीग हात ठेववणार नाही इतका तापतो, तापलाच पाहिजे. दर आठवड्याला वरचे खाली करा आणि पाणी शिंपडा. ढीग निवला, पाचट तपकिरी होऊन बोटांनी तुटू लागले की मगच बेड भरा आणि 3 किलो गांडुळे सोडा. ही कुजवणी टाळून गांडुळे सोडली तर ती भाजून मरतात. काहीजण ढिगात युरिया टाकतात. नुसत्या कंपोस्टला ते ठीक, पण ज्या मालात गांडुळे सोडायची आहेत त्यात शेणच बरे.

जागा उंचवट्याची घ्या, कारण पंचगंगेकाठच्या गावांत पुराआधीच पावसाचे पाणी अंगणात उभे राहते. वर पत्रा किंवा गवताचे छप्पर, पश्चिमेच्या बाजूला पावसाची झड अडवायला पोत्यांचा आडोसा. दोन ते अडीच महिन्यांत दीडशे ते दोनशे किलो ओलसर खत निघेल.

साखर कारखान्यातली मळीही (रस गाळल्यावर उरणारा गाळ, प्रेसमड) यात चालते, पण ताजी मळी आतून गरम असते. पसरून, उलथून, पूर्ण निवल्याशिवाय ती गांडुळांजवळ नेऊ नका.

आणि एक गोष्ट. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक, ठेवणार असाल तर पाचट रानातून उचलूच नका. सरीत कुट्टी करून राहू द्या, तिथे ते ओल धरते आणि कुजून जमिनीला मिळते. बेडसाठी बांधावरचे आणि खोडवा मोडलेल्या रानातले पाचट घ्या.

प्रश्न : मुंग्या फार लागतात. औषधाची पूड टाकू का?

उत्तर : नको, ती पूड गांडुळांनाही मारते. मुंग्या लागल्या याचा अर्थ बेड कोरडा पडला आहे किंवा गोड काहीतरी उघडे राहिले आहे. बेड नीट ओला करा आणि खाद्य झाका. टबाच्या विटांखाली पसरट वाट्या ठेवून त्यांत पाणी भरा. दर तीन दिवसांनी पाणी बदला, नाहीतर डास होतील. जमिनीवरच्या बेडला चारी बाजूंनी चार इंचांची पाण्याची चर काढा. उंदीर, चिचुंद्री आणि कोंबड्या यांच्यासाठी बारीक जाळीच हवी. घोण दिसली तर चिमट्याने काढा, ती गांडुळे खाते. करड्या-तपकिरी, चपट्या, जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका. त्या काळ्या सैनिक माशीच्या, गांडुळांना काही करत नाहीत, पण ओले उघडे खाद्य जास्त झाल्याचे सांगतात.

प्रश्न : खत तयार झालं हे कसं ओळखायचं, आणि गांडुळं वेगळी कशी करायची? कुंडीला किती घालायचं?

उत्तर : काळसर, चहापुडीसारखे रवाळ दिसले, पावसाळी मातीचा वास आला आणि घातलेले पदार्थ ओळखू येईनासे झाले की तयार. टबात याला अडीच ते तीन महिने लागतात.

आधी पाच दिवस पाणी आणि खाद्य बंद. मग प्लॅस्टिकवर माल ओतून उजेडात छोटे-छोटे निमुळते ढीग करा. थेट उन्हात नको. गांडुळे उजेडापासून खाली सरकतात. पंधरा-वीस मिनिटांनी वरचा थर हाताने काढा, पुन्हा थांबा, पुन्हा काढा. शेवटी तळाशी गांडुळांचा गोळा राहतो, तो नव्या बिछान्यात सोडा. काढलेल्या खतात मोहरीपेक्षा थोडे मोठे, पिवळसर, लिंबाच्या आकाराचे दाणे दिसतील. ते अंडकोश. एकेकातून दोन-चार पिल्ले, साधारण तीन आठवड्यांत. म्हणून खत लगेच चाळून कडक वाळवू नका. तीन आठवडे ओलसर ठेवून त्यात केळीच्या सालीचा तुकडा पुरा, पिल्ले तिथे जमतात आणि उचलता येतात.

बारा इंची कुंडीला दर दोन महिन्यांनी दोन मुठी, वरची माती हलवून. नवी कुंडी भरताना एकूण मिश्रणाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. साठवताना खत पोत्यात, सावलीत, किंचित ओलसर ठेवा. उन्हात खडखडीत वाळवले की त्यातले जिवाणू मरतात.

प्रश्न : हे खत घातलं तर उसाला युरिया बंद करता येईल का?

उत्तर : एकट्याने नाही, आणि तसे सांगून विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. खत नियंत्रण आदेशानुसार विक्रीच्या गांडूळखतात नत्र किमान 1 टक्का, स्फुरद (फॉस्फरस) व पालाश (पोटॅश) प्रत्येकी किमान 0.8 टक्के आणि सेंद्रिय कर्ब किमान 18 टक्के हवे. एकरी 2 टन घातले तर नत्र साधारण 20 किलो मिळते, तेही सावकाश. सुरू उसाची (हिवाळ्याच्या अखेरीस लावतात त्याची) शिफारस हेक्टरी 250 किलो, म्हणजे एकरी 100 किलो नत्राची आहे. हिशेब यावरून करा. गांडूळखताचे खरे मोल कर्ब, भुसभुशीतपणा आणि ओल धरण्यात आहे. माती परीक्षण करून रासायनिक खत टप्प्याटप्प्याने कमी करणे शक्य आहे.

प्रश्न : मे महिन्यात पंधरा दिवस गावी जातो. डब्याचं काय करायचं?

उत्तर : पंधरा दिवस गांडुळे सहज राहतात. त्यांना भूक मारत नाही, उष्णता मारते. पस्तीस अंशांच्या वर बिछाना गेला की ती मरू लागतात. जाण्यापूर्वी दोन दिवस आधी नेहमीच्या दीडपट खाद्य एकाच वेळी न घालता दोन कोपऱ्यांत विभागून घाला, वर भिजवलेल्या पुठ्ठ्याचा चार इंची थर द्या आणि त्यावर दुहेरी ओले बारदान. टब गॅलरीतून उचलून मोरीत किंवा घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, फरशीवर ठेवा. झाकण घट्ट लावू नका. शेजाऱ्यांकडे किल्ली देत असाल तर त्यांना फक्त बारदानावर तीन दिवसांनी तांब्याभर पाणी शिंपडायला सांगा. खाद्य घालायला सांगू नका, प्रेमापोटी जास्तच घातले जाते.